पर्लने हात केला

टीव्हीवर दिव्याची तिरीप पडत होती, एवढंच कारण. एवढ्यासाठी आपला संसार पणाला लागेल असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी खुर्ची सरकवली असती. (नसती सरकवली. खुर्चीतून उठावं लागलं असतं.)

झालं असं, की माझी बायको ग्लेनिस बहिणीकडे शहरात गेली होती आणि जाताना पर्लला माझ्या ताब्यात देऊन गेली होती. पर्ल म्हणजे आमची दाढीवाली सरडी. शेपटीसकट हातभर लांब, पिवळट, गळ्याखाली काट्यांची दाढी. पिंजऱ्यातल्या अंड्यातून पिंजऱ्यातच बाहेर आलेली, त्यामुळे स्वभावाने अगदी गोगलगाय. कुणी समोर आलं, की एक पुढचा पाय उचलून हवेत संथपणे फिरवते. गाव म्हणतं, पर्ल हात करते! पोस्टमनला हात, पाद्र्याला हात. आमच्या मलगाडेल गावच्या वार्षिक शोमध्ये ‘सर्वांत सभ्य पाळीव प्राणी’ म्हणून निळी फीत तिलाच मिळत आली आहे. ग्लेनिसने त्या फिती दिवाणखान्यात लावल्यात, आमच्या लग्नाच्या फोटोवर. म्हणजे वरच, फोटो झाकून.

खरं सांगू? तो हात म्हणजे नमस्कार नव्हेच. रानात दांडगा सरडा मुंडी वरखाली करून बजावतो, ‘इथला मालक मी.’ मग दुबळा सरडा हात हलवून म्हणतो, ‘मालक तुम्हीच, मला मारू नका.’ पण हे मी गावात कधी बोललो नाही. कारण पर्ल मलाही हात करायची. आमच्या घरात मला मोठं मानणारं तेवढंच एक होतं.

तर, क्रिकेट चालू होतं आणि पर्लच्या उबेचा दिवा नेमका पडद्यावर चमकत होता. मी म्हटलं, बाहेर फुकटचं ऊन आहे की! तिला उचलून मागच्या अंगणात लाकडांच्या ढिगावर ठेवलं. एकच ओव्हर बघून येतो म्हणून आत गेलो. आलो तेव्हा ढीग होता, ऊन होतं, पर्ल नव्हती.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात. ही म्हण पर्लला कुणी शिकवली नव्हती. मी ढीग उपसला, शेड उपसली, गटारात तोंड घालून “पर्ल, ए पर्ल” केलं. शेजारच्या मर्व्हने कुंपणावरून डोकं काढलं.

“काय रे डेस्मंड, काय हरवलं?”

“काही नाही. चष्मा.”

“नाकावर आहे तुझ्या.”

“मग सापडला,” मी म्हटलं आणि आत पळालो.

शो दोन दिवसांवर आला. पर्ल नाही, तर निळी फीत नाही, आणि ग्लेनिस काय करेल याचा विचार करायची माझी छाती नव्हती. शेवटी गाडी काढली आणि गावाबाहेरच्या रस्त्याला लागलो. वसंतात तिथे कुंपणाच्या खांबाखांबावर दाढीवाले सरडे ऊन खात बसलेले असतात. आता रानातला सरडा उचलणं म्हणजे गुन्हा. मी गावच्या कौन्सिलच्या ऑफिसात कारकून. ‘रानातले सरडे उचलू नका, जबर दंड होईल’ ही पाटी मीच रंगवून घेतलेली आणि मीच तिथे ठोकून घेतलेली. पर्लच्या मापाचा एकच सरडा दिसला, आणि तो लेकाचा नेमका त्याच पाटीवर बसला होता. मी इकडेतिकडे पाहिलं आणि उचलला. तो माझ्या अंगठ्याला असा चावला, की मी कौन्सिलसकट सगळ्यांना शिव्या घातल्या.

घरी आणून पिंजऱ्यात सोडला. पठ्ठ्याने माझ्याकडे बघून मुंडी वरखाली केली. माझ्याच घरात!

संध्याकाळी ग्लेनिसचा फोन.

“पर्ल कशी आहे?”

“मजेत.”

“फोन धर तिच्यापुढे. पर्ल, सोन्या, आई बोलतेय!”

पलीकडून प्रेमाचा वर्षाव, अलीकडून फुस्सकन फूत्कार.

“डेस्मंड, तिला सर्दी झालीय का?”

“तुझ्या आठवणीने व्याकूळ आहे गं.”

शोच्या दिवशी ग्लेनिस बसमधून उतरली ती थेट मैदानावरच आली. मी पिंजरा टेबलावर मांडून, घामाघूम होऊन उभा.

“ही जाड कशी झाली?”

“खाण्याची आबाळ नको म्हणून...”

“आणि दाढी काळी कशाने?”

“वयाप्रमाणे, गं.”

“वयाने दाढी पांढरी होते, डेस्मंड. तुझ्यासारखी.”

तेवढ्यात परीक्षक विनिफ्रेडबाई आल्या, टोपीवर पिवळ्या फुलांचा हा मोठा गुच्छ लावून. त्यांनी पिंजरा उघडला, लवून म्हणाल्या, “काय पर्ल, ओळखलंस का?” आणि सवयीने हाताची वाट बघत राहिल्या. पाटीवरच्या दादांनी दाढी फुगवली, जबडा वासला, मुंडी दोनदा हापटली आणि उडी मारून बाईंच्या टोपीवर चढून फुलं चावायला सुरुवात केली. विनिफ्रेडबाई किंचाळत केकच्या तंबूत घुसल्या. आतून ताटं पडल्याचे आवाज बराच वेळ येत होते.

बाई डोक्यावर क्रीम घेऊन परत आल्या आणि दातओठ खात शेजारच्या टेबलापाशी गेल्या. ते टेबल मर्व्हचं. दरवर्षी तो आपला काकाकुवा आणतो आणि तो पक्षी परीक्षकांना आईवरून शिव्या देतो. यंदा मर्व्हने पेटी आणली होती. पेटीतून एक पिवळट हात संथपणे वर आला.

“पर्ल!” ग्लेनिस ओरडली.

“पर्ल कसली?” मर्व्ह म्हणाला. “ही आमच्या टोमॅटोच्या वाफ्यातली. मी उचलली नाही हं, तीच आली चालत. आल्या आल्या हात केला बिचारीने! डेस्मंड चष्मा शोधत होता ना, त्याच दिवशी.”

ग्लेनिस माझ्याकडे वळली.

निळी फीत पर्ललाच मिळाली, मर्व्हच्या नावावर. रानदादाला त्याच्या पाटीवर परत ठेवायला ग्लेनिस मला घेऊन गेली. पाटी तिने मोठ्याने वाचली. शब्द न् शब्द. परतताना गाडीत मला मागे बसवलं, पुढच्या सीटवर पर्लची पेटी होती.

घरी आलो. पर्ल आपल्या दिव्याखाली बसली. ग्लेनिस जवळ गेली, पर्लने तिला हात केला. मर्व्ह फीत दाखवायला आला, त्यालाही केला. मग मी हळूच पुढे झालो. म्हटलं, निदान ही तरी...

पर्लने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि मुंडी ठासून वरखाली केली. मागून ग्लेनिस म्हणाली, “टीव्ही बंद.”

मी गुपचूप हात वर केला आणि हवेत संथपणे फिरवला.