बत्तीस चादरींचा रंग

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आबांनी लॉन्ड्रीतल्या मोठ्या मशिनचं दार उघडलं. प्रसूतिगृहाच्या बत्तीस पांढऱ्या चादरी धुऊन झाल्या होत्या आणि त्यांतल्या अकरा चादरींवर तपकिरी डाग होते. मशिनमध्ये टाकताना ते नव्हते.

बारा वाजता मेट्रनबाई स्वतः चादरी न्यायला येणार होत्या. मागच्याच खेपेला त्यांनी बजावलं होतं, "आता एक डाग दिसला, की काम दुसऱ्या लॉन्ड्रीला." आणि आबांच्या लॉन्ड्रीचं निम्मं काम त्या प्रसूतिगृहाचं होतं. आबा खुर्चीवर टेकले, उठले, पुन्हा टेकले, पुन्हा उठले. मग तीस वर्षं प्रत्येक डागाला दिलं तेच औषध त्यांनी याही डागांना दिलं: ब्लीच, तेही दुप्पट.

पाऊण तासाने डाग आणखी गडद झाले.

"तिप्पट टाकतो. बघतोच!"

"आबा, थांबा!" सून इस्त्री सोडून धावत आली. "ऑपरेशनच्या आधी अंगाला लावतात ना ते गुलाबी जंतुनाशक, ते कापडात मुरतं. त्यावर ब्लीच पडलं की तपकिरी होतं. तुम्ही डाग धूत नाही आहात, पिकवताय!"

"कोणी सांगितलं तुला?"

"ब्लीचच्या कॅनवर लिहिलंय."

"कॅन ही काय वाचायची वस्तू आहे?" आबांनी गंज काढायच्या ॲसिडकडे हात नेला. "मग याचे दोन थेंब सोडू."

"ब्लीचमध्ये ॲसिड? विषारी वायू सुटेल! डाग राहील इथंच, आणि आपण जाऊ!"

आबांनी हात मागे घेतला आणि केमिकलवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "बसला तो बसला, आबा. पुढच्या वेळी ब्लीचऐवजी ऑक्सिजनची पावडर वापरा."

"अरे, पुढची वेळ यायला ही वेळ जायला हवी ना!"

फोन ठेवून आबांनी मशिन आणि दार यांच्यामध्ये सात-आठ येरझारा घातल्या. साडेनऊला ते मधेच थबकले. अकरा चादरींचे डाग जात नसतील, तर उरलेल्या एकवीस चादरींचं पांढरेपण घालवता येईल. सगळंच तपकिरी झालं, तर डाग म्हणायचं कशाला?

"आबा, हा उपाय आहे की पुरावा नष्ट करणं?" सुनेने विचारलं.

"तू हातमोजे घाल आणि खिडक्या उघड."

औषधांच्या दुकानातून गुलाबी जंतुनाशकाचे दोन कॅन आले. बत्तीसच्या बत्तीस चादरी त्यात भिजल्या, पिळल्या आणि ब्लीचमध्ये गेल्या. अकरा चाळीसला त्या इस्त्री होऊन घडीत बसल्या. रंग चहात बुडवलेल्या बिस्किटाचा, पण इथून तिथून एकसारखा.

मेट्रनबाई बाराला पाच कमी असतानाच आल्या.

"या कोणाच्या चादरी?"

"तुमच्याच, मॅडम." आबांनी गठ्ठा पुढे सरकवला.

बाईंनी एक चादर उलगडली, उजेडात धरली, चष्मा कपाळावर चढवून दोन्ही बाजूंनी तपासली. सुनेने डोळे मिटून घेतले.

"डाग कुठे दिसत नाही."

"दिसणारच नाही, मॅडम," आबा म्हणाले. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

"मला विचारायचं तरी होतंत." बाईंनी चादरीची पुन्हा घडी घातली. "पण रोज पांढऱ्यावर डाग शोधून माझे डोळे गेलेत. हे बरं केलंत. बाकीच्या दोनशे उद्या पाठवते. हाच रंग हवा. एकही चादर फिकी नको, गडद नको. नाहीतर काम दुसरीकडे."

गाडी वळणाआड गेली तशी सून वही उघडून बसली. "सांगा आबा. पाणी किती, जंतुनाशक किती, ब्लीच किती वेळ?"

आबांनी छताकडे पाहिलं. "घाईत कोण मोजतं गं?"

दुपारभर जुन्या चादरीचे तुकडे कापून प्रयोग चालले. पहिला तुकडा हळदीसारखा पिवळा निघाला. दुसरा चॉकलेटी. तिसऱ्यावर ढग उमटले.

संध्याकाळी सहा वाजता चौथा तुकडा बाहेर आला. तो पांढराशुभ्र होता. इतका पांढरा तुकडा त्या मशिनमधून तीस वर्षांत निघाला नव्हता.