तीन औंस कडू

घरी केलेली लागर बिअर बिघडते ती हॉप्स नीट न निवडल्यामुळे. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. मध्ये जे काही घडलं त्यात माझी चूक शून्य आहे, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो!

साल अठ्ठ्याऐंशी, गाव इंग्लंडातलं बेसिंगस्टोक. आमचा शेजारी केन गॅरेजमध्ये बिटर नावाची काळपट इंग्लिश बिअर बनवायचा. ती पिताना कुंपणाचं लाकूड चाटल्यासारखं वाटे. मी हलकी लागर करणार म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाला, "कर की. करीबरोबर बरी लागते."

करीबरोबर! वीस वर्षं या देशात राहून हे ऐकायचं? मी तिथेच कुंपणावरून जाहीर केलं, की जूनमध्ये घरी बिअर करणाऱ्यांच्या ब्रूइंग सर्कलच्या स्पर्धेत माझी लागर उतरेल आणि परीक्षकानं भिंग लावलं तरी त्याला तिच्यात करी सापडणार नाही.

मग तीन महिने हॉप्सचा अभ्यास. हॉप्स म्हणजे एका वेलीची वाळवलेली हिरवी बोंडं. बिअरचा कडवटपणा त्यांचा आणि वासही त्यांचाच. दुकानदार मला फगल नावाचे हॉप्स गळ्यात मारत होता. फगलला ओल्या मातीचा वास. केनच्या बिटरला ठीक आहे, पण हलक्या लागरमध्ये लपायला जागा नसते. तिथे नाजूकच हवं. म्हणजे बोहेमियातले चेक साझ! पत्रावर पत्रं लिहून तीन औंस मागवले आणि आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवले. दोन औंस उकळीच्या सुरुवातीला, कडवटपणासाठी; एक औंस शेवटच्या दहा मिनिटांत, वासासाठी. हे सगळं मी बायकोला, सुलक्षणाला, तासभर समजावून सांगितलं. तिनं त्यातून तीनच गोष्टी घेतल्या: पाला आहे, कडू आहे, आणि हात लावला तर नवरा चिडेल. तिसरी ती लगेच विसरली.

मार्चमधला रविवार. लागर थंडीत मुरावी लागते, आणि आमच्या गॅरेजमधली थंडी आता थोड्याच आठवड्यांची सोबती. आज नाही तर थेट पुढच्या वर्षी. सुलक्षणा मराठी मंडळाच्या पाडव्यासाठी सकाळीच हॉलवर गेली होती. मी माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, पाणी उकळीला आणलं, फ्रीझर उघडला. डबा नव्हता. तो सिंकशेजारी धुऊन पालथा घातलेला होता.

गॅस बंद केला, गाडी काढली.

हॉलच्या दारात मंडळाचे अध्यक्ष माधवराव. इतके निर्व्यसनी, की खोकल्याच्या औषधाचं लेबलही दोनदा वाचून घेत. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"सत्तावीस वर्षांनी कडुलिंबाचा प्रसाद हो. दरवर्षी पार्सली खाऊन पाडवा करत होतो आम्ही. तुमच्या फ्रीझरनं लाज राखली."

आत ऐंशी माणसं तळहातावर एकेक गोळी घेऊन भक्तिभावानं तोंडं वाकडी करत होती. विमलाबाईंना तर, हा अगदी आपल्या माहेरच्या परसातलाच पाला, म्हणून रडू आवरेना. यांचं माहेर बोहेमियात कधी गेलं?

मी स्वयंपाकघरात सुलक्षणाला गाठलं.

"ते माझे हॉप्स होते."

"होते."

"तो कडुलिंब नाही."

"कडुलिंब इथे मिळत नाही. पाडव्याला कडू लागतं. तुमच्याकडे कडू होतं."

"आणि माझी लागर?"

"मग सांगा ना बाहेर जाऊन. म्हणावं माधवराव, तुम्ही बिअरचा पाला खाल्लात."

बाहेर माधवराव दुसरी गोळी मागत होते. मी बाहेर न जाता पातेल्याकडे वळलो.

पातेल्याच्या तळाशी वाटीभर उरलं होतं. साझ होताच, पण सोबत गूळ, जिरं, ओवा, भिजवलेली डाळ आणि हिंग. मी ती वाटी रुमालाखाली लपवून घरी आणली, श्रीखंडाच्या पंच्यात बांधली आणि पुन्हा उकळी आणलेल्या माल्टच्या पाण्यात सोडली. गूळ आंबेल, डाळ पंच्यातच राहील, साझ तो साझच. हिंगाचा विचार मी कटाक्षानं टाळला.

जून उजाडला. परीक्षकानं माझा ग्लास उजेडात धरला, घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा घोट घेतला. मग बराच वेळ कार्डावर लिहीत राहिला. केन माझ्या खांद्यावरून वाचत होता.

"रंग सुरेख. हॉप्सची निवड अचूक. करीबरोबर उत्तम लागेल."

केन एक अक्षर बोलला नाही. एवढा नीचपणा मी त्याच्याकडून अपेक्षिला नव्हता!

घरी सुलक्षणानं कार्ड दोनदा वाचलं आणि फ्रीझरच्या दारावर चिकटवलं.

"तरी मी हिंग बेतानंच घातला होता," ती म्हणाली.