दाजींचं जेरुसलेम

बाजारात सुरमई महागली की आमची वाडी ट्रॉलरवाल्यांना शिव्या घालते. दाजी तांडेल मात्र जेरुसलेमला दोष देतात. "ह्या सगळा थंयसून सुरू झाला!" विहिरीचा पंप बिघडला, तरी थंयसूनच. मी ओरोसच्या कचेरीत कारकून. सकाळी त्यांच्या दारावरून स्टँडवर जातो, त्यामुळे माझी बस बऱ्याचदा चुकते आणि तीही थंयसूनच चुकते.

दाजी बोटीवरची नोकरी संपवून घरी आलेले. बायको गेली, मूलबाळ नाही. मुंबईच्या भाच्याने मोबाइल दिला आणि त्यात त्यांना ख्रिस्ती आणि मुसलमानांची ती जुनी धर्मयुद्धं सापडली. तेव्हापासून त्यांच्या आणि माझ्या डोक्याचा भुगा झाला आहे. युद्धं एकूण किती, असं विचारलं तर ते बोटं मोजत आठावर येतात, मग मधलं एखादं राहिलं म्हणून पुन्हा अंगठ्यापासून सुरू करतात.

"एकदा तर रे, जेरुसलेमाक म्हणान निघाले नि वाटेत आपल्याच धर्माचा शहर लुटल्यानी! नि एकदा लढाई न करताच गाव मेळलो! आता सांग, जिंकलो कोण?"

"दाजी, माझी बस."

"तुका आपली बस दिसता!"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये पास्कू आणि हसनभाई आले. दोघेही मच्छीमार, दाजींचे जुने दोस्त; पास्कू चर्चमध्ये जाणारा, हसनभाई मशिदीत. संध्याकाळचा चहा तिघांचा दाजींच्या पडवीवर, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. एके दिवशी दाजींनी पहिलं युद्ध रंगवून सांगितलं, ख्रिस्ती फौज शहरात कशी घुसली, रस्त्यात रक्ताचे पाट वगैरे. हसनभाई चहा अर्धा टाकून उठले. दुसऱ्या दिवशी दाजींनी समतोल साधावा म्हणून सुलतानाने शहर परत कसं घेतलं ते सांगितलं. पास्कू भडकला.

"म्हणजे आमचो गाव हेंच्या लोकांनी घेतल्यानी?"

"आदी कोणी घेतललो?" हसनभाई म्हणाले.

जेरुसलेम नकाशात कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पास्कू कधी पणजीच्या पुढे गेलेला नाही, हसनभाई रत्नागिरीच्या. पण दोघांचं बोलणं बंद झालं आणि पडवीवर येणंही बंद.

दाजी हादरले. सुरुवात कोणी केली ते एकदा शोधून काढलं की भांडण मिटेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. दिवसभर मोबाइलला डोळे लावून बसायचे. पण प्रत्येक सुरुवातीच्या आधी आणखी एक सुरुवात निघायची.

"माका काय गावणा नाय रे," मला एकदा म्हणाले. "जितको मागे जातंय, तितके सगळेच खरे दिसतत, नि सगळेच चुकलेले."

नारळी पौर्णिमा आली. समुद्राला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्याकडे दाजींचा. त्या दिवशी ज्याची होडी आहे तो वाळूवर येतोच, मग तो देवळात जाणारा असो, चर्चमध्ये की मशिदीत. दाजी मागणं मागतात, बाकीचे होकार देतात. काय मागितलं ते नीट कोणी ऐकत नाही, होकार तोंडात बसलेला असतो.

"बा दर्या म्हाराजा, ह्यो नारळ मान्य करून घे!"

"होय म्हाराजा!"

"होड्ये-जाळ्यांची राखण कर!"

"होय म्हाराजा!"

"नि नऊशे वर्सांमागे जेरुसलेमात जा काय वाकडा-नाकडा झाला असात, ता दूर कर!"

"होय म्हाराजा!" अख्खी वाडी म्हणाली आणि मग एकमेकांची तोंडं बघायला लागली. हसावं की दाजींना बाजूला घ्यावं, मला कळेना.

दाजींनी नारळ धरलेला हात एकदा पास्कूकडे, एकदा हसनभाईंकडे केला.

"ह्या दोघांचो त्यात काय एक गुन्हो नाय, म्हाराजा. हेंका माझ्या पडवेर परत घेवन ये. सांजची चाय माका एकट्याक घशाखाली उतरणा नाय."

गाऱ्हाण्याला होकार आला नाही, असं मी कधी पाहिलेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

मग गर्दीच्या एका टोकाकडून पास्कूचा आणि दुसऱ्या टोकाकडून हसनभाईंचा आवाज एकदमच आला, "होय म्हाराजा!"

दाजी नारळ पाण्यात सोडायचं विसरून तिथेच रडत उभे राहिले.