रेकॉर्डमधून बेपत्ता झालेला गायक

"तल्लख बुद्धी, तिखट कान, घारीची नजर. जिथे पोलिसांचं डोकं थांबतं, तिथे माझं सुरू होतं. गुंतागुंतीच्या प्रकरणांचा उलगडा. गुप्ततेची पूर्ण हमी. भेटण्याची वेळ: संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी दिवसभर."

हे आमच्या ह्यांचं कार्ड. शंभर छापून घेतली, त्यातली चौऱ्याण्णव अजून कपाटात आहेत. एक मलाही दिलं, लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर, ओळख असावी म्हणून. सहानंतरची वेळ अशासाठी, की सहापर्यंत हे घरोघर पाण्याचे मीटर वाचत हिंडतात. "वाचन हा माझा व्यवसाय आहे," असं लोकांना सांगतात, आणि लोकांना वाटतं प्राध्यापक असतील. मी त्यांची सहायक. म्हणजे टॉर्च माझ्या पर्समध्ये, वही माझ्या पर्समध्ये, आणि प्रकरण अंगाशी आलं की माफी मागायचं खातंही माझ्याकडेच. ह्यांचं आतापर्यंतचं सर्वांत गाजलेलं प्रकरण म्हणजे हरवलेल्या छत्रीचं. तीन दिवस तपास चालला आणि छत्री अखेर ह्यांच्याच काखेत सापडली. त्याला हे "आरोपीच्या अगदी जवळ पोचलो होतो" असं म्हणतात.

तर गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, फोन आला. दादाचं रेकॉर्डचं दुकान आहे. चार पावलांत संपेल एवढंच, पण भिंती जमिनीपासून छतापर्यंत अल्बमनी भरलेल्या. बावीस वर्षं तो एकच काम करतो: गिऱ्हाइकाला समोरच्या स्टुलावर बसवायचं, "मागच्या अल्बममधलं कोणतं गाणं परत परत लावलंत?" एवढंच विचारायचं आणि शिडीवर चढून एक अल्बम काढून हातात ठेवायचा. माणूस दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, "दादा, तुम्हाला कसं कळलं?" काउंटरमागे एक फळा आहे, त्यावर दर सोमवारी खडूने या आठवड्याची शिफारस. नियम एकच. शिफारस आधी ऐकायला मागायची नाही. दादाने ऐकलीय तेवढं पुरे. तो सकाळी दुकान उघडायच्या आधी एकटा बसून हेडफोन लावून ऐकतो.

"मला जरा येऊन भेट," दादा म्हणाला. "आणि येताना जावईबापूंना नाही आणलंस तरी चालेल."

हे माझ्या आधी चपला घालून तयार.

बुधवारी संध्याकाळी दुकानात गेलो तर फळा कोरा. बावीस वर्षांत मी तो कोरा पाहिला नव्हता. काउंटरवर एकाच अल्बमचा ढीग होता. बँडचं नाव 'राखाडी मोजे', अल्बमचं नाव 'वाळत घातलेले दिवस', कव्हरवर दोरीला चिमट्याने लावलेला एक मोजा. बँड नवा, पहिलाच अल्बम, कुणाला काही माहिती नाही.

"सोमवारी शिफारस लिहिली," दादा म्हणाला. "'एक भरदार आवाजाचा गृहस्थ. घाई कशाचीच नाही. शब्द कळणार नाहीत, पण मनाला भिडतील.' बारा जणांनी नेला. मंगळवारी पहिल्या आल्या त्या दातांच्या डॉक्टर. म्हणाल्या, 'दादा, तो गृहस्थ कुठे आहे?'"

"म्हणजे?"

"म्हणाल्या, 'माझ्या रेकॉर्डमध्ये दोन मुली आहेत. आणि त्यांना भयंकर घाई आहे.' मग एकेक करून अकरा जण परत आले. सगळ्यांकडे दोन मुली. मी प्रत्येक रेकॉर्ड इथे लावून ऐकली. अकरा वेळा." त्याने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "अकराही वेळा तो गृहस्थच गात होता. अगं, मला नसलेला माणूस ऐकू येतोय. माझे कान गेले."

दादाला कानांशिवाय दुसरं काही नाही. लग्न केलं नाही, गाडी घेतली नाही, दोन कान आणि एक शिडी एवढ्यावर माणूस सुखी होता. आणि आता शेजारचा मोबाइलची कव्हरं विकणारा त्याच्या गाळ्यावर टपला होता. शनिवारी बाराला उत्तर द्यायचं होतं, आणि दादा हो म्हणणार होता. "ज्याची शिफारस खोटी ठरते त्याने कव्हरंच विकलेली बरी," म्हणाला.

"दे इकडे, मी ऐकते," म्हणून मी हेडफोन उचलला.

"नको," दादा म्हणाला. "तुलाही मुलीच ऐकू आल्या तर?"

मी हेडफोन खाली ठेवला. तेवढ्यात ह्यांनी घसा साफ केला.

"हे बेपत्ता व्यक्तीचं प्रकरण आहे," हे म्हणाले. "एक गृहस्थ दुकानातून निघतो आणि घरी पोचत नाही. वाटेत काय होतं? घटनास्थळाला कुणीही हात लावायचा नाही." आणि खिशातून सुतळी काढून त्यांनी दादाचा प्लेअर दिवाळखोर कारखाना सील करावा तसा चारी बाजूंनी बांधून टाकला. गाठ अशी मारली की नंतर ती त्यांनाही सुटेना. म्हणजे आता रेकॉर्ड ऐकून बघण्याचा साधा मार्गही बंद.

मग त्यांनी दादाची जबानी घेतली.

"हा अल्बम कुठल्या प्रकारचा?"

"अल्टरनेटिव्ह रॉक."

"अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी. कशाला पर्यायी?"

"पॉपला, समजा."

"पॉप म्हणजे?"

"ऐकल्यावर पाय हलतात ते."

"आणि हे अल्टरनेटिव्ह ऐकल्यावर?"

"मान हलते. सावकाश."

ह्यांनी वहीत लिहिलं: पाय, मान. खाली दोनदा रेघ मारली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू निम्मं प्रकरण सुटलंच.

गुरुवारी संशयाची सुई कव्हरवाल्यावर गेली. "सरळ आहे," हे म्हणाले. "माणसाचा धंदाच कव्हरांचा. ह्याने कव्हरातला माल बदलला. आत मुली सरकवल्या, गृहस्थ काढून घेतला." कव्हरवाला बिचारा स्क्रीनवर काच चिकटवत होता. ह्यांनी त्याला अर्धा तास तपासलं. त्याने ह्यांच्या फोनला नवीन कव्हर, काच आणि एक पट्टा लावून दिला, आणि हे बाहेर येऊन म्हणाले, "निर्दोष आहे. फार सज्जन मनुष्य." मी परत आलेल्या अकरा रेकॉर्ड न विकलेल्या रेकॉर्डशी ताडून पाहिल्या होत्या. तेच लेबल, तोच छापील नंबर. कुणी काही बदललं नव्हतं. ते मी ह्यांना सकाळीच सांगितलं होतं, पण सहायकाचं ऐकायचं नसतं असा ह्यांच्या पेशात प्रघात असावा.

शुक्रवारी सुई गिऱ्हाइकांकडे वळली. अकरा जणांचा कट. सूत्रधार दातांच्या डॉक्टर, कारण पहिली तक्रार त्यांची. हे रजा टाकून त्यांच्या दवाखान्यात गेले आणि पेशंटच्या खुर्चीत बसून म्हणाले, "मी प्रश्न विचारणार, तुम्ही उत्तरं द्यायची."

"आधी आ करा," डॉक्टर म्हणाल्या.

पुढची वीस मिनिटं प्रश्न त्यांनीच विचारले. हे सगळ्यांना "आँ" म्हणाले. जाताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "दादांना सांगा, राग नाही हो. माझे वडील गेले तेव्हा त्यांनी काही न विचारता एक अल्बम दिला होता. महिनाभर तोच लावला मी. त्यांनी फळा पुसलाय हे बघवत नाही." हे एक गाल सुजवून बाहेर आले आणि म्हणाले, "काहीतरी लपवतेय. माझी दाढ." ती दाढ खरंच किडलेली निघाली. तपासातलं एवढं एक यश मान्य करायला हवं.

रात्री जेवताना ह्यांनी वही उघडलीच नाही, एक तर दाढ आणि दुसरं म्हणजे संशयित संपले होते. मी मात्र आकडा धरून बसले होते. बारा गेल्या, अकरा आल्या. बारावी कुठे आहे? दादाला फोन केला.

"टेलरमावशींकडे," तो म्हणाला. "त्या परत द्यायला आल्या नाहीत. भिडस्त आहेत. आवडलं नसेल तरी बोलायच्या नाहीत."

शनिवारी सकाळी दहाला आम्ही तिघं टेलरमावशींच्या खोलीत होतो. दादा यायलाच तयार नव्हता, त्याला मी ओढून आणलं. खोलीभर अर्धवट शिवलेले शर्ट टांगलेले, मावशी मशीनवर, तोंडात चार टाचण्या. कोपऱ्यात जुना प्लेअर, वर तीच रेकॉर्ड.

"आवडली का?" दादाने जमिनीकडे बघत विचारलं.

मावशींनी टाचण्या काढल्या. "अहो, आठवडाभर दुसरं काही लावलेलंच नाही. त्या गृहस्थाच्या आवाजावर शिलाई अशी सरळ जाते म्हणून सांगू."

दादाने मान वर केली. "कोणत्या गृहस्थाच्या?"

मावशींनी उठून रेकॉर्डवर सुई ठेवली. खोलीत तो आवाज भरला. भरदार, सावकाश, विहिरीच्या तळातून वर येत असल्यासारखा. दादा तिथेच कापडाच्या गठ्ठ्यावर बसला.

"तुलाही ऐकू येतोय?" त्याने मला विचारलं. मग मावशींना विचारलं. मग ह्यांनाही विचारलं, म्हणजे बघा.

"येतोय रे," मी म्हणाले, आणि मला रडू आलं ते मी शिवणाच्या धुळीवर ढकललं.

ह्यांनी मात्र टॉर्च मागितली. भर दिवसा. मावशींच्या तोंडावर झोत टाकून म्हणाले, "सापडला. बाई, हा गृहस्थ तुम्ही लपवून ठेवला होता. अकरा घरांत मुली पाठवल्या आणि अस्सल गायक स्वतःकडे ठेवला. सुईवाल्या बाईवर संशयाची सुई यायला मला इतका वेळ लागावा."

"काय म्हणतायत हे?" मावशींनी मला विचारलं.

"लक्ष देऊ नका. त्यांची दाढ दुखतेय."

"त्या मुलींचं म्हणाल तर," मावशी परत मशीनवर बसत म्हणाल्या, "कव्हरवरचा मोजा बघून मला पण वाटलंच होतं ह्यात कुणी बाया असतील. पण लेबलवर छातीचं माप लिहिलंय ना. पंचेचाळीस. म्हटलं, बाईची असेल तर ही छाती फार झाली, आणि पुरुषाची असेल तर बरोबर आहे. म्हणून मग गृहस्थच, असं धरून चालले."

मी उठून गाणं संपायच्या आत सुई उचलली. लेबलच्या कडेला, मुंगी बसावी एवढ्या अक्षरांत, ताडून बघताना माझ्याही नजरेतून सुटलेलं: ४५.

लहानपणी आमच्याकडे लहान रेकॉर्ड होत्या, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाने फिरवायच्या. दादा त्या मुद्दाम मोठ्या रेकॉर्डच्या हळू वेगावर, तेहतीसवर, लावायचा. गाणारी बाई एकदम मिशीवाल्या काकांच्या आवाजात गायला लागायची, आणि आम्ही दोघं गादीवर लोळून लोळून हसायचो.

"मावशी, ह्याचा वेग बदलतो?"

"कसला बदलतोय. दहा वर्षं तेहतीसवरच अडकलाय."

मी दादाकडे बघितलं. दादाने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"मोठी रेकॉर्ड," तो हळूच म्हणाला. "मोठी म्हणजे तेहतीसच, असं धरूनच चालतो गं मी. लेबल वाचतो कोण."

घरी पहिल्यांदा रेकॉर्ड लावणारा माणूस वाचतो. अकरा जणांनी वाचलं होतं. बावीस वर्षं रेकॉर्ड विकणाऱ्याने वाचलं नाही, आणि वाचन हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनीही नाही.

दुकानात परत आलो. मावशींची कात्री घेऊन आलो होतो, तिने सुतळी कापली. दादाने रेकॉर्ड लावली आणि हेडफोनची वायर खेचून काढली, म्हणजे पहिल्यांदाच शिफारस सगळ्या दुकानाला ऐकू आली. गृहस्थ गायला लागला. दादाची मान सावकाश हलत होती. मग मी पंचेचाळीसचं बटण दाबलं. त्यावर पंधरा वर्षांची धूळ होती, बोट काळं झालं. गृहस्थ एकदम उडी मारून दोन मुली झाला. त्या खिदळत, धावत गात होत्या, शब्द न् शब्द कळत होता. आणि काउंटरखाली दादाचे पाय हलायला लागले.

"पाय," हे वही उघडून म्हणाले. "मी बुधवारीच लिहून ठेवलं होतं."

बाराला कव्हरवाला आला. दादा तोवर शिडीवर होता. "उत्तर?" त्याने विचारलं. "बसा स्टुलावर," दादा वरून म्हणाला. "शेवटचं कोणतं गाणं परत परत लावलंत?" कव्हरवाला गाळा मागायला आला होता, तो एक अल्बम घेऊन गेला.

संध्याकाळी दुकान बंद करताना दादाने मला विचारलं, "खरं सांग, तुला वाटलं होतं ना, माझे कान गेले?"

"छे," मी म्हणाले. गुरुवारी दुपारी वाटलं होतं, पण ते वहीत नाही.

ह्यांच्या कार्डावर आता एक ओळ वाढलीय: "बेपत्ता गायकांचा शोध ही खासियत." दुकानात अकराही गिऱ्हाइकं परत आली. दातांच्या डॉक्टर सगळ्यांत आधी, त्यांना तो गृहस्थ हवा होता. दादाने त्यांना त्यांचीच रेकॉर्ड परत दिली आणि दुसरं बटण दाबायला सांगितलं. फळ्यावर पुढच्या सोमवारी त्याने आधीची शिफारस पुन्हा लिहिली, ह्या वेळी चष्मा लावून:

"'वाळत घातलेले दिवस'. गृहस्थ तेहतीसवर भेटेल, त्या दोघी पंचेचाळीसवर. चूक माझी होती, पण मला तिघंही आवडले."