भोयर सरांची मंडळी

भोयर सर दर शनिवारी मारुतीच्या गळ्यातली माळ तपासत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून रुईचं एकेक पान उलटून पाहत. परगावच्या एका पाहुण्यानं तर त्यांना पुजारी समजून वाकून नमस्कार केला, आणि सरांनी तो घेतलासुद्धा. भक्तीशी त्यांचा संबंध नव्हता. पानामागे अळी सापडली की ती अलगद डबीत घेत आणि देवाला सांगत, "माफी असावी देवा, हे आमच्या शाळेतले हायेत."

राळेगावजवळच्या शाळेत आम्ही दोघं मास्तर, सरांची चौथी माझ्या वर्गाशेजारी. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना सर अरे-तुरे करत. अहो-जाहो फक्त अळ्यांना. "मंडळी जेवून राह्यली, गडबड नको," म्हणाले की चौथीची पोरं पाढेसुद्धा कुजबुजत म्हणत. मंडळी राहत बुटांच्या खोक्यांत, वर मच्छरदाणीचं कापड. माणूस हातचा गेला, असं माझं स्पष्ट मत होतं.

त्यात साल बोंडअळीचं. उभ्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं आतून पोखरलेली, आणि गावात अळी हा शब्द शिवीसारखा झालेला. शाळा समितीचे अध्यक्ष तणतणत आले. "गुर्जी, वावरात अळीनं आमचं वाटोळं केलं, अन् तुमी इथं अळ्या पोसून राह्यले?"

"अरे, हे फक्त रुई खातात," सर म्हणाले.

"रुईच तं खाल्ली ना आमची!"

"कापसाची नाही रे बाबू, मारुतीची!"

अध्यक्षांनी खात्री करायला पऱ्हाटीचं पान खोक्यात ठेवलं आणि तासभर समोर बसून राहिले. मंडळींनी त्याला तोंड लावलं नाही. "उपाशी मरतीन, पन खानार नाहीत," सर अभिमानानं म्हणाले, जणू स्वतःच्या लेकरांचं कौतुक.

फुलपाखरू सोडायचा त्यांचा एक नियम होता. 'जा' म्हणायचं नाही. घरच्या माणसाला म्हणतो तसं 'येजो' म्हणायचं. "परत येतात का कधी?" मी चिडवायचो. "म्हनायले काय जाते?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्या वर्षी चौथीत सुमी होती. तिचा बाप दुसऱ्याच्या वावरात फवारणीला गेला, विषबाधा झाली आणि यवतमाळच्या दवाखान्यातून परत आलाच नाही. तेव्हापासून सुमी आईचा पदर सोडेना. आई मजुरी बुडवून दिवसभर शाळेच्या व्हरांड्यात बसे. सरांनी सुमीला तिचं स्वतःचं खोकं दिलं.

एका सकाळी तिच्या खोक्यातला कोश उकलला. नारिंगी पंखांचं, काळ्या काठाचं फुलपाखरू. पंख वाळले, पण सुमीनं कापड घट्ट धरलं. "नाही सोडत मी."

सरांनी बाकी पोरांना खिचडीला पाठवलं आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले. मी दारात उभा होतो. सुमीनं विचारलं, "येजो म्हटलं तं येते का?"

मला वाटलं, आता ते ठरलेलं उत्तर. पण सर म्हणाले, "नाही येत, बेटा."

"मंग कायले म्हनाचं?"

"माही बायको गेली तवा म्या काहीच नाही म्हटलं. ते बोलनं आतच राह्यलं. मंग या मंडळीले म्हनत असतो."

सरांना बायको होती, हेच मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी त्यांची फक्त थट्टा केली होती.

सुमीनं कापड बाजूला केलं. फुलपाखरू खोक्याच्या काठावर बसलं, हललं, उडालं. ती त्याच्याकडे पाहत हळूच म्हणाली, "जा."

आणि नियम मोडल्याचं लक्षात येऊन तिनं घाबरून सरांकडे पाहिलं.

"बराबर हाय तुयं," सर म्हणाले.

मग ती व्हरांड्यात आईकडे गेली. "वेचनीले जाय तू. मी बसतो शाळेत." आईला खरंच वाटेना. ती उठली, दोनदा वळून पाहिलं, "येतो मंग," म्हणाली.

"येजो," सुमी म्हणाली, आणि खिचडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

रिकामं खोकं मांडीवर घेऊन भोयर सर तिथेच फरशीवर बसले आणि माझ्यादेखत, काही न लपवता, रडले.