पुस्तक चालवून बघणारा मन्मथअप्पा

२०२३ साल. आधार कार्डावर माझं वय एकाहत्तर, आईच्या सांगण्यानं त्र्याहत्तर. त्या साली मी बोरीच्या वाचनालयात पहिल्यांदा पाय ठेवला, तर आमचा शेजारी मन्मथअप्पा दोन कपाटांच्या मधून एक पुस्तक हातात धरून येरझाऱ्या घालत होता. तोंडानं मोठ्यानं वाचत होता.

"काय करायलास रे?" मी विचारलं.

"चाल बघायलोय," तो म्हणाला. "चालवून बघितल्याबिगर घेऊ न्हाई."

अप्पानं उभा जन्म बैलांच्या व्यापारात काढला. जिंतूरच्या बाजारात त्यानं हात फिरवलेला बैल लोक डोळे झाकून घ्यायचे. व्यापार सुटला, पण हाताची सवय सुटली नाही. तीच त्यानं पुस्तकांना लावली. आधी पुस्तक कण्याशी धरून अलगद सोडायचं. ते आपोआप जिथं उघडेल तिथं बोट ठेवायचं. म्हणायचा, "इथं लोक थांबलेले हायत. त्यांनी कामून दम घेतला ते बघावं." मग चार ओळी वाचत चालायचं. पाय अडखळला तर पुस्तक परत कपाटात. रंगीत मुखपृष्ठ दिसलं की वैतागायचा. "झूल काढा, झूल! आत जनावर हाय का न्हाई ते बघू द्या."

वाचनालयातली सुनंदाबाई हसायची, पण नवीन पुस्तकं आली की आधी अप्पाला निरोप धाडायची. शाळेचे हेडमास्तर, बीएड झालेले, तेसुद्धा विचारायचे, "अप्पा, हे कसं आहे?" अप्पा सातवी नापास. मी चौथीतून सुटलो. फरक तीन इयत्तांचा, आणि रुबाब बघा!

मी गवंडी. निम्म्या गावाच्या भिंती माझ्या ओळंब्यानं सरळ उभ्या आहेत. अप्पाच्या दारापुढचा ओटासुद्धा मीच बांधला, घडीव दगडाचा. त्याच ओट्यावर बसून तो रोज संध्याकाळी पाच वाजता वाचायचा, आणि गल्लीतल्या सात-आठ बाया ऐकायला जमायच्या. ओटा कुणी बांधला हे आजवर एकीनंही विचारलं नाही.

त्यात माझी बायको काशी पहिल्या पायरीवर. पन्नास वर्षांचा संसार, पण माझं बोलणं कधी तिनं बसून ऐकलेलं नाही. मी बोलायला लागलो की तिला भांडी आठवतात. तिथं मात्र दोन-दोन तास हनुवटीला हात लावून.

त्या दिवसांत एका नर्सबाईची कादंबरी चालू होती. नवऱ्याशी भांडून ती बदलीच्या गावी जाते, आणि तिथं नवऱ्याचं पत्र येतं. पुस्तक निम्म्यावर आलं होतं आणि गल्लीत दुसरा विषय नव्हता. ती परत जाणार की नाही? काशी जेवताना मला म्हणाली, "म्या तर गेले नसते." हे तिनं माझ्याकडे बघून म्हटलं. तिथं माझं डोकं फिरलं.

वाचनालयाचा नियम असा की पंधरा दिवस झाले की पुस्तक टेबलावर ठेवायचं. दुसऱ्या कुणाला नको असलं तर पुन्हा आपल्या नावावर घ्यायचं. मी गुपचूप सभासद झालो आणि पंधराव्या दिवशी टेबलाशी जाऊन उभा राहिलो. अप्पानं पुस्तक ठेवलं. मी त्यावर हात ठेवला.

"हे मला पायजे."

सुनंदाबाई घाबरली. "बाबा, तुम्ही वाचणार?"

"मग काय, ओवाळणार हाय का त्याला?"

मला वाटलं, आता अप्पा भांडेल. तो नुसता म्हणाला, "चांगलं निवडलंस, किसन." मग वाचन कोणत्या पानापर्यंत आलंय ते मला दाखवलं आणि टोपी सारखी करून निघून गेला. ह्याचा मला जास्त राग आला.

संध्याकाळी काशी रिकामीच परतली. "कुण्या मेल्यानं पुस्तक नेलं म्हणं." मी पुस्तक पुढं केलं. ती बघतच राहिली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नेलंच हाय तर वाचा आता."

बाया आमच्या अंगणात आल्या. मी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि वाचायला लागलो. आमचं वाचन म्हणजे वीट लावण्यासारखं. एक अक्षर ठेवायचं, ठोकायचं, मग दुसरं. जोडाक्षर आलं की घाम.

अर्धं पान झालं तेव्हा काशी म्हणाली, "आवो, नर्सबाई दारात पोचूस्तोवर आतला पेशंट मरंल."

बाया पदराआड हसल्या. एकीला चुलीवरचं दूध आठवलं. एकीची म्हैस ओरडली, जी मला तरी ऐकू आली नाही. दुसऱ्या दिवशी दोघीच आल्या, तिसऱ्या दिवशी कुणीच नाही. काशी तूर निवडत बसली होती. ती न बघताच म्हणाली, "मला एवढंच कळू द्या, ती जाती का न्हाई. तुमच्यानं व्हत नसंल तर अप्पाला नेऊन द्या. इज्जत काय वाहून जायची न्हाई."

"देणार न्हाई," मी म्हणालो. एकदा उभारलेली भिंत मी कधी पाडलेली नाही.

चौथ्या दिवशी पाचला अप्पा स्वतः आला. मागायलाच आला असणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं, लय तिखट. तो आला आणि खालच्या पायरीवर बसला, काशी त्याच्या ओट्याच्या पायरीवर बसायची तसा.

"वाच."

"माझं हसू करायला आलास का?"

"न्हाई रे. वाच."

मी वाचलं. अडलो, थांबलो, पुन्हा अडलो. अप्पाला शब्द येत होता, ते त्याच्या ओठांवर दिसत होतं, पण त्यानं सांगितला नाही. मग डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपला, म्हणून थांबलो.

"थांबू नको," तो म्हणाला.

एक पान संपायला पाऊण तास लागला. माझी मान दुखायला लागली. मी म्हणालो, "तू हे पाच मिंटात वाचला असतास."

"व्हय." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाजारात बी मीच बोलायचो, ओट्यावर बी मीच बोलतो. तुझी वैनी गेल्यापास्नं लोक येतेत, गोष्ट ऐकतेत, उठून जातेत. मी घरात जाऊन कडी लावतो. मला कुणी कायी वाचून दावलं न्हवतं किसन. कुणीच."

मी पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. काशीनं हातातलं सूप खाली ठेवलं, आत गेली आणि चहा घेऊन आली. पहिला कप त्याला दिला. "अप्पा, साखर बरी हाय का?" तो म्हणाला, बरी आहे. मला तिनं साखरेचं पन्नास वर्षांत विचारलेलं नाही. आताही विचारलं नाही.

जाताना अप्पा फाटकाशी थांबला. "मला तिचं पुढं काय व्हतं ते बगायची घाई न्हाई. हळूच वाच. उद्या येऊ का?"

"पाचला," मी म्हणालो. "उशीर केलास तर थांबणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोट बिघडल्याचं सांगून चहाच्या आधीच उठलो. पुस्तक टॉवेलात गुंडाळलं आणि परसात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड बसून संध्याकाळची तीन पानं मोठ्यानं वाचून ठेवली. त्यात 'शुश्रूषा' असा एक शब्द होता. तो मी बारा वेळा म्हटला.