मार्गशीर्षातली कलिंगडं

टाळेबंदीत ज्यांचा माल शेतातच सडला, त्या शेतकऱ्यांना नुकसानीचे दिवस परत द्यायचं काम सरकारने यंदा मार्गशीर्षात हाती घेतलं. हौसाबाई वाघचौरे यांच्या नावावर एप्रिलचे नऊ दिवस मंजूर झाले.

"पण आमची कलिंगडं तर विकली होती," हौसाबाई म्हणाल्या. "मालकांनीच सांगितलं होतं."

तलाठी मुजावर यांनी पंचनामा पुन्हा वाचला. "इथे पूर्ण नुकसान लिहिलंय, काकू. खाली त्यांचीच सही आहे."

त्या एप्रिलात हौसाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी लातूरला गेल्या होत्या आणि तिथेच अडकल्या. शेतावर त्यांचे मालक विश्वनाथराव एकटे. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ते वारले, त्यामुळे आता विचारायचं कुणाला? हौसाबाईंनी सही केली.

नियम साधे होते. दिवस फक्त मंजूर गट नंबरच्या शेतापुरते, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. निघालेला माल आजच्या बाजारात विकायला मोकळीक. शेतातला माल संपला, की उरलेले दिवस सरकारजमा.

"आणि तेव्हा शेतात जे माणूस होतं, ते?" हौसाबाईंनी विचारलं.

"दिवस जसेच्या तसे मिळतात. माणूस वगळायची तरतूद नाही."

सकाळी बांधाच्या अलीकडे दहिवर पडलं होतं. पलीकडे पाऊल टाकताच चैत्राचं ऊन लागलं. शेतभर कलिंगडं पसरली होती, काही उन्हाने तडकलेली. विश्वनाथराव लिंबाखाली तोंडाला उपरणं बांधून बसले होते.

"तू कशी आलीस? गाड्या बंद आहेत ना?"

"पास मिळाला."

"बरं झालं. जरा लांब बस पण. तिकडे फार पेशंट आहेत म्हणे."

हौसाबाई दोन हात लांब बसल्या. काय काय विचारायचं होतं, पण तेवढ्यात फोन वाजला. विश्वनाथरावांनी फोनकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

"तुझाच आहे."

"घ्या की. वाट बघत असेन मी."

ते पाठ फिरवून बोलू लागले. "हां, बोल. जेवलो, पिठलं केलं होतं. कलिंगडं? गेली की! कालच व्यापारी सगळी उचलून घेऊन गेला. तू पोरीकडे बघ." फोनमधून हौसाबाईंना स्वतःचंच हसू ऐकू आलं, हायसं वाटल्यासारखं.

फोन खिशात ठेवून विश्वनाथराव मातीकडे बघत राहिले. "तिला उगाच घोर कशाला," ते म्हणाले.

"बरोबर केलंत," हौसाबाई म्हणाल्या. "पिठल्यात मीठ होतं का?"

"नव्हतं."

दुपारी बांधाच्या अलीकडे, लिंबाखालून दिसणार नाही असा, टेम्पो येऊन उभा राहिला. थंडीत कलिंगड कुठे मिळत नव्हतं, व्यापारी म्हणेल तो भाव द्यायला तयार होता. हौसाबाईंनी त्याला उद्या यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिठलं करून दाखवलं. फोन आला तेव्हा विश्वनाथरावांनी सांगितलं, की व्यापारी पुढच्या वर्षीच्या मालाचाही सौदा ठरवून गेलाय. तिसऱ्या दिवशी ते दोघं नातवाचं नाव काय ठेवावं यावर भांडले. नाव ठेवून झालं होतं, पण हौसाबाईंनी तसं सांगितलं नाही. टेम्पो रोज रिकामा परत गेला.

चौथ्या दिवशी मुजावर स्वतः आले.

"काकू, माल का निघत नाही? मला वर अहवाल द्यायचाय."

"कच्ची आहेत अजून," हौसाबाई म्हणाल्या.

विश्वनाथराव उठले. त्यांनी हाताशी आलेलं कलिंगड गुडघ्यावर फोडलं आणि एक लालभडक फाक हात लांब करून तलाठ्यांपुढे धरली. "खा भाऊसाहेब. नाहीतरी कोण नेतंय?"

मुजावर खाली बसले. फाक त्यांनी पांढऱ्या सालीपर्यंत खाल्ली, बिया मुठीत गोळा केल्या, हनुवटीवरून ओघळलेला रस रुमालाने पुसला. हौसाबाई त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. मग मुजावरांनी फाईल उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात, घोटीव अक्षरात, 'कच्ची' असं लिहिलं.